राजघाटाखालची लेकुरवाळी

आमच्या घरात राग वारशाने येतो. दुकान भावाला मिळालं, घर दोघांच्या नावावर झालं आणि आबांचा राग सगळाच्या सगळा माझ्या वाट्याला आला. शाळेतली पोरं पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ती काही खोटं बोलत नाहीत. माझा राग भांडं उतू जावं तसा येतो आणि तसाच खाली बसतो. गेल्या उन्हाळ्यातला मात्र अजून बसलेला नाही. लोक म्हणतात, सोडून दे आता. का सोडू?

आबा म्हणजे माझे वडील. बऱ्हाणपुरात त्यांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान होतं, आता ते माझा मोठा भाऊ चालवतो. मी लग्न केलं नाही. इथल्याच एका शाळेत शिकवते आणि भाऊ, वहिनी, आबा यांच्याबरोबर राहते. आबांना जन्मभर एकच शौक होता, तापीवर मासे धरायचा. तेसुद्धा दिवस मावळल्यावरच, आणि तेसुद्धा माशांना खाणारे मासे. मरळ, पढिन, वाम. शेवाळ चरणाऱ्या माशाला ते मासा म्हणायचेच नाहीत. काठी नाही, तरंगणारं बूच नाही. तंगुसाची दोरी पाण्यात सोडायची, ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्यायची आणि बसून राहायचं. सगळी अक्कल त्या बोटात. दोरखंड वळून वळून घट्टे पडलेल्या बोटाला पाण्याखालचं कसं कळायचं, ते त्यांचं त्यांना माहीत. भावाला आणि मला लहानपणी ते बरोबर न्यायचे आणि पाण्यावर बॅटरीचा उजेड पडला की दोघांनाही सारखाच धपाटा बसायचा.

मग काचबिंदू झाला. इंदूरच्या डॉक्टरने सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवा. पण आहे तेही टिकलं नाही. शेवटी आबांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. खिडकी कुठे आहे ते कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही. पण माणूस हट्टी. खुर्चीला अडखळले तर म्हणणार, इथे उजेड कमी आहे. चहात माशी पडली आणि प्यायले तरी उजेड कमी. 'मला दिसत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी म्हणजे कधी निघाले नाहीत.

भावाने त्यांची नदी बंद केली. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय घसरला तर लोक मलाच विचारतील, असं म्हणाला. लोक मलाच विचारतील! हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाप पडेल याची काळजी नाही, लोक विचारतील याची आहे. पण आबा त्या वेळी काही बोलले नाहीत, म्हणून मीही गप्प बसले. त्यांनी तंगुसाची गुंडाळी पलंगाखाली सारली आणि बैठकीतली खुर्ची धरली.

त्या खुर्चीसमोर भिंतीवर ट्यूबलाइट आहे. आबा ती भर दिवसा लावायला सांगायचे आणि तिच्याकडे तोंड करून बसायचे. वहिनी येता-जाता बटण बंद करायची. ती वाईट नाही. दिवसा दिवा जळतोय म्हणून बंद करायची, एवढंच. आबा परत लावायला सांगायचे. पहिले काही दिवस मलाही कळलं नाही की हा माणूस ट्यूबलाइटमध्ये काय बघतो. मग एक दिवस एक पाल ट्यूबवरून सरकली आणि आबा खुर्चीत एकदम सावरून बसले. काहीतरी हललं, म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तो बघून मला रडायला आलं. पालीचा आनंद! ज्याने आयुष्यभर तापीतल्या मरळी ओढल्या, त्याला आता एक पाल पुरत होती.

मोबाईलवर मी तो दिवा पाहिला तो असाच. कुठल्या तरी देशातला एक माणूस होडीतून हिरवा दिवा पाण्यात सोडतो. दिव्याभोवती बारीक किडे जमतात, किड्यांसाठी चिंगळ्या येतात आणि चिंगळ्यांसाठी मोठे मासे. मोठा मासा दिव्यासमोरून आडवा गेला की सगळा उजेड क्षणभर कापला जातो. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी तो दिवा मागवला. हातभर लांबीची बंद नळी, तिला लांब वायर, आणि चालणार माझ्या स्कूटीच्या जुन्या बॅटरीवर.

आबा आधी भडकलेच. पाण्यावर उजेड पाडायचा नाही हे तुला शिकवलं होतं की नाही, म्हणून मला झापलं. मी म्हटलं, पाण्यावर नाही पाडायचा, पाण्याच्या आत सोडायचा आहे. ते बराच वेळ हनुवटी खाजवत राहिले. मग पलंगाखालची तंगुसाची गुंडाळी चाचपून काढली आणि विचारलं की चप्पल कुठे आहे.

भावाशी मी वाद घातलाच नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती, तो दुकानावर होता. ऑटो केला आणि राजघाट गाठला. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथे पायऱ्या फुटून नुसते दगड उरलेत, तिथे एक डोह आहे. उन्हाळ्यात तापी वाळूतून कशीबशी चालते, पण त्या डोहात पाणी राहतं. मी हात धरायला गेले तर आबांनी झटकला. 'सोड. मी काय नवी नवरी आहे का?' आणि टाचेने दगड चाचपत, भिंतीला पाठ घासत, एकटे उतरले. सगळ्या वाटेने माझा जीव टांगणीला.

दिवस मावळला, घाटावरची आरती संपली, अंधार दाटला तेव्हा मी दिवा सोडला. सगळा डोह आतून हिरवा झाला. मी विचारलं, काही कळतंय का. ते म्हणाले, 'उजेड आहे. खाली आहे.' मग थोड्या वेळाने म्हणाले, 'हललं.'

त्यानंतर त्या माणसाची बडबड थांबेना. मी डोळस बाई, मला दिव्याजवळच्या चिंगळ्या दिसत होत्या आणि त्यापलीकडे गढूळ. त्यांना चिंगळ्या दिसत नव्हत्या, पण मोठं काही आडवं गेलं की पहिलं त्यांना कळायचं. ही वाम नाही, वाम असती तर नुसती रेघ गेली असती. ही रुंद आहे, सावकाश आहे. घाई नाही तिला, घरचीच आहे. असं चाललं होतं. तेवढ्यात मला पाण्यात वरच्या बाजूला केशरी-लाल काहीतरी दिसलं. मुठीएवढा ढग, आणि तो ढग हलत होता. नीट पाहिलं तर बारीक बारीक पिलं, शेकड्याने, एकमेकांना चिकटून पोहत होती. मी आबांना सांगितलं.

त्यांनी बोटावरची दोरी काढली, गुंडाळली, गळ सोडवून खिशातल्या बुचात खुपसून ठेवला. 'लेकुरवाळी आहे,' म्हणाले.

मग त्यांनी मला परत एकदा लहानपणचंच सांगितलं. मरळ पिलं सोडून जात नाही. पिलांचा गोळा वर फिरतो आणि ती त्याच्या खाली. त्या दिवसांत तिला धरणं सगळ्यात सोपं, कारण पिलांजवळ काहीही आलं की ती तोंड टाकते, बेडूक असो, काडी असो की गळ. भुकेने नाही, रागाने. म्हणून आमच्या घरात पिलांबरोबरच्या मरळीपुढे गळ टाकायचा नाही. त्यांच्या बापानेही टाकला नाही, त्यांनीही नाही. यात देवाधर्माचं काही नाही. आबा म्हणायचे, भुकेलेल्याला फसवणं हा खेळ आहे, रागावलेल्याला फसवणं हा हलकटपणा आहे. मला हे फार पटायचं. कारण उघड आहे.

त्या दिवसापासून आम्ही रोज जायला लागलो, दोरी न घेता. भावाला कळलं तेव्हा तो दोन दिवस तोंड फुगवून बसला, पण आबांचा चेहरा बघून काही बोलला नाही. आणि चेहरा खरंच बघण्यासारखा झाला होता. जेवण सुधारलं. दिवसा ट्यूबलाइट लावायला सांगणं बंद झालं. दुपारपासून विचारायचे, ऊन उतरलं का. डोहावर बसलं की ते आणि ती मरळ. एखादी पढिन पिलांच्या वासावर आली की खालून मरळ सुटायची, दोन सावल्या एकमेकींवर आदळायच्या आणि आबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, हाणली तिला. मी पाहायचे ते त्यांच्याकडेच. सत्तरी ओलांडलेला माणूस, मांडी घालून, मान पुढे काढून, हिरव्या उजेडात बघत बसलेला. जगात त्यांना दिसत होतं ते एवढंच, आणि ते त्यांना पुरून उरत होतं.

एका रात्री जेवताना आबांनी भावाला हे सगळं सांगितलं. नदी बंद केल्यापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं, म्हणून मला बरं वाटलं. फुटक्या पायरीच्या पुढचा कोपरा, भिंतीचा मोठा दगड निखळून पडलाय त्याच्या पोटात तिची जागा, दिवा लावला की किती वेळाने पिलं वर येतात, सगळं सांगितलं. केवढी असेल ते हात पसरून दाखवलं. भाऊ मन लावून ऐकत होता. किती वर्षांनी दोघं माशांवर बोलत होते. भाऊही लहानपणी त्याच दगडावर बसलेला, त्यालाही तोच धपाटा बसलेला. त्याला नियम सांगायची गरज आहे असं आबांच्या मनातही आलं नाही.

दोन दिवसांनी भाऊ म्हणाला, दिव्याची वायर एका जागी सोलली आहे, दुकानातून टेप मारून आणतो. वायर खरंच सोलली होती. संध्याकाळी तो आलाच नाही. फोन लावला तर म्हणाला, दापोऱ्याला केळीवाल्या दोस्ताकडे आलोय, उशीर होईल. आबा चप्पल घालून दारात बसून राहिले. एक दिवस नाही गेलो तर काय होतंय, असं स्वतःशीच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळपासून घरात काळ्या मसाल्याचा वास. वहिनी म्हणाली, यांनी मासे आणलेत. मला काही वाटलं नाही, भाऊ अधूनमधून बाजारातून आणतो. पानं मांडली. भाऊ आबांच्या शेजारी बसला, एरवी तो समोर बसतो. त्याने स्वतः काटे काढून एक तुकडा आबांच्या ताटात ठेवला. आबांनी घास घेतला, सावकाश चावला.

'मरळ आहे,' ते म्हणाले. 'ताजी आहे. कुठली?'

भाऊ याच प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होता. त्याचा चेहरा फुलला होता, परीक्षेत पहिला आल्यासारखा. 'तुमचीच आहे, आबा. राजघाटाखालची.'

आबांचा हात ताटात तसाच राहिला. मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी तोंडातला घास बाजूला काढून ठेवला.

'पिलं होती तिच्याबरोबर,' आबा म्हणाले.

'होती ना. म्हणून तर एका मिनिटात आली. दिवा सोडला, गोळा वर आला, त्याच्या मधोमध गळ टाकला, बस.' मग त्यालाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तो घाईने बोलायला लागला. 'तुमच्यासाठीच केलं, आबा. तुम्ही रोज जाता, नुसते बसून परत येता. दोरी टाकता येत नाही तुम्हाला आता. मला बघवत नव्हतं.'

हे त्याने खरंच मनापासून केलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोक मला हेच समजावतात, की अगं त्याच्या मनात वाईट नव्हतं. मला माहीत आहे ते! त्यानेच तर माझं डोकं जास्त फिरतं. मनात वाईट असतं तर एकदा भांडून मोकळी झाले असते. पण हा माणूस बापाच्या शेजारी राहतो, बापाच्या ताटात काटे काढून वाढतो आणि बाप रोज संध्याकाळी कुठे जातो, का जातो, परत आल्यावर कसा दिसतो, एवढं एकदा विचारत नाही. स्वतःच ठरवून टाकतो की आबांना मरळ हवी आहे. आणि नियम? नियम त्याला पाठ होता. पण त्याला वाटलं, आबा आंधळे झाले, आता कसला नियम.

आबा उठले. चाचपत मोरीपर्यंत गेले, हात धुतले, परत धुतले. मी इकडे सुरू झाले होते. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नदी बंद केली तिथपासून काढलं, ट्यूबलाइट काढली, दुकानही काढलं. वहिनीने उठून खिडक्या लावून घेतल्या. भाऊ म्हणाला, एका माशासाठी काय हा तमाशा. तेव्हा मात्र माझा आवाजच बसला. मी हळू बोलले आणि म्हणूनच त्याला ऐकू गेलं असावं.

'आबांना जगात तेवढंच दिसत होतं, भाऊ. तेच तू शिजवून आणलंस.'

तो म्हणाला, हे मला आधी सांगायचं ना. सांगायचं! दिवसा जळणारी ट्यूबलाइट एकाएकी बंद झाली ते त्याला दिसलं नव्हतं? बाप दुपारपासून ऊन उतरलं का विचारायचा ते ऐकू येत नव्हतं? डोळे तर त्याचे शाबूत आहेत. मी ताट तसंच सोडून उठले.

संध्याकाळी आबा चप्पल घालून दारात उभे. 'दिवा घे,' म्हणाले. भाऊ गाडीची किल्ली घेऊन पुढे आला, सोडतो म्हणाला. आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. आम्ही ऑटोने गेलो. दगडांवरून उतरताना मी हात पुढे केला आणि त्यांनी तो रोजच्यासारखाच झटकला. मला वाटलं, चला, आबा अजून आबाच आहेत.

दिवा सोडला. डोह हिरवा झाला. पिलं आली. मला वाटलं होतं येणार नाहीत, पण आली, तोच केशरी ढग, थोडा पसरलेला, खाली कुणी नाही. उजेडाकडे सरकत सरकत दिव्याला येऊन चिकटला.

'हललं,' आबा म्हणाले. मग, 'परत हललं.' ते पुढे वाकले. 'अगं, आज खूप आहे. इकडून एक गेली, ही दुसरी. दोन्ही बाजूंनी आहे. एवढं तर कधीच नव्हतं.' त्यांचा चेहरा उजळला होता. पालीच्या वेळी झाला होता त्याच्या दसपट. 'काय आहे गं? सांग ना.'

मला दिसत होतं काय आहे ते. पढिनी होत्या, लहान-मोठ्या, आणि मिशांचे टेंगरे. डोहातलं सगळं तोंडवालं गोळा झालं होतं. दिवा पिलांना ओढत होता आणि हे मासे दिव्यापाशी येऊन नुसतं तोंड उघडत होते. हाणायला खाली कुणी उरलं नव्हतं. केशरी ढग फाटत होता, परत जुळत होता, परत उजेडाकडेच येत होता. आणि प्रत्येक घासाला आबांसमोरून एक सावली जात होती. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात जास्त दिसलेली संध्याकाळ होती, डोळे गेल्यानंतरची. मी दात आवळून उभी होते. इतका राग, आणि तो काढू कुणावर? भाऊ घरी होता. पढिनींवर?

'सांग ना, माय,' ते परत म्हणाले.

खोटं सांगता आलं असतं. पण आबांशी मी कधी खोटं बोलले नाही. 'पिलं उजेडाला येतायत, आबा,' मी म्हटलं. 'आणि बाकीचे त्यांना खातायत.'

आबांची मान तशीच पुढे, डोळे तसेच दिव्यावर. थोडा वेळ ते बघत राहिले, हेही मी लपवणार नाही. माणसाला दिसत असलं की तो बघतो. मग ते मागे टेकले.

'दिवा काढ.'

मी वायर ओढली, नळी वर घेतली, बॅटरीची पिन काढली. डोह काळा झाला. थोडा वेळ पाण्यात फटकारे ऐकू आले, मग तेही थांबले. मी वाट बघत होते की ते आता भडकतील, भावाला शिव्या घालतील, मलाही घालतील. घालायला हव्या होत्या. मला तो राग त्यांच्या तोंडून ऐकायचा होता.

त्यांनी हात पुढे केला. मी उजवीकडे उभी होते, हात डावीकडे गेला, भिंतीकडे, आणि तिथेच हवेत राहिला.

'हात दे, माय,' ते म्हणाले. 'मला दिसत नाही.'